पोत्याखालचा रंगीत टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना रंगीत टीव्ही आहे. एकवीस इंची. माझी पाठ इतकी मोठी आहे की भिंतीला चिकटून बसणारे आजकालचे पातळ टीव्ही पाहिले की त्यांच्या पोटात नक्की काही आहे की नाही, अशी मला शंका येते. परळी वैजनाथला भांड्यांचं दुकान असलेल्या एका घरी, मागच्या पत्र्याच्या खोलीत माझा मुक्काम आहे. मला लावून तुम्हाला आता काहीच दिसणार नाही. पण म्हणून मला कमी समजू नका. साऱ्या देशासमोर, चालू कार्यक्रमात, टीव्हीवर माझा उल्लेख झालेला आहे! स्टेजवरून कुणी आपल्या घरच्या टीव्हीची बाजू घेतली आहे, असं तुम्ही कधी ऐकलंय का? ती हकिकत सांगताना मला अजूनही धाप लागते, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यातला, एकोणीसशे चौऱ्याण्णव सालचा. ते दिवसच धामधुमीचे होते. बाजारात रोज नवी वस्तू यायची, रोज नवी वाहिनी सुरू व्हायची, आणि आम्ही टीव्ही पट्ट्यावरून एकामागून एक बाहेर पडायचो. थर्माकोलमध्ये बसून, खोक्यात बंद होऊन मी रेल्वेने परळीला आलो. मला घ्यायला दुकानाचे मालक सिद्धेश्वरआप्पा स्वतः स्टेशनवर आले होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा. हमालाने मला उचललं तेव्हा ते त्याच्या मागे मागे ओरडत चालले होते, "हळू बे, हळू! काच हाय आतमधी!"

घरी पोचलो तर दारात आप्पांच्या पत्नी बसम्मा ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. मला कुंकू लावलं. माझ्या काचेला लावू नये म्हणून आप्पा बोंबलत होते, तरी लावलं. शेजारचा बंकट तेव्हा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं काम करायचा, त्याने मला जोडलं. पहिलं चित्र आलं आणि घरभर माणसं "आलं, आलं!" करून ओरडली. कुठलीशी नटी नाचत होती. बंकट मान वाकडी करून बघत म्हणाला, "आप्पा, हिरोइनी जरा काळपट दिसायल्यात. थांबा." माझ्या काचेखाली एक छोटं झाकण होतं आणि त्याच्याआड चार खुंट्या. त्यातली उजेडाची खुंटी त्याने शेवटपर्यंत पिळली. नटी पिठात बुडवल्यासारखी पांढरी झाली. "आता कसं!" सगळे म्हणाले. मित्रांनो, ती खुंटी पुढे तेरा वर्षं तिथेच राहिली. मलाही वाटायचं, मी फार सुंदर चित्र दाखवतो.

आप्पांना एकच मुलगी, रुद्राणी. मी आलो तेव्हा सहा वर्षांची होती. रंगाने काळीसावळी, डोळे टपोरे, आणि आवाज असा की मोंढ्याच्या बाजारातून घरी येणाऱ्या आप्पांना गल्लीच्या तोंडाशीच कळायचं, पोरगी जागी आहे. माझ्यासमोर ती इतक्या जवळ बसायची की तिच्या श्वासाने माझ्या काचेवर धुकं यायचं. गाणं लागलं की ती माझ्याबरोबर गायची. आणि आमच्या गावची गंमत तुम्हाला ठाऊकच असेल. वीज इथे तयार होते, औष्णिक केंद्राची राख आमच्या गच्चीवर पडते, आणि वीज जाते तीही आमचीच! ऐन गाण्यात मी बंद पडायचो. मग आप्पा अंधारात म्हणायचे, "रुद्रे, टीव्ही दमला. म्हण तू फुडं." आणि ती नेमक्या त्याच शब्दापासून उरलेलं गाणं पूर्ण करायची. मला माझ्या पोटातलं गाणं तिच्या तोंडून ऐकायला फार आवडायचं.

पण एक गोष्ट कबूल करतो, कारण ती लपवली तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. गाण्याच्या मधे मी जाहिराती दाखवायचो. एक मलम होतं. काळी मुलगी रडते, मलम लावते, गोरी होते, आणि लगेच तिला नोकरी लागते, लोक टाळ्या वाजवतात. दिवसातून दहा वेळा मी ते दाखवलं. एका दुपारी आठ वर्षांची रुद्राणी बेसन आणि साय तोंडाला फासून माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या काचेत स्वतःला न्याहाळू लागली. बसम्मा हसल्या, गल्ली हसली. मी मात्र तेव्हाही पुढची जाहिरात दाखवत होतो. माझ्या आयुष्यात मला कशाची लाज वाटत असेल तर ती त्या दुपारची.

दोन हजार सात साल उजाडलं. तोपर्यंत टीव्हीवर एक नवंच वेड आलं होतं. साधीसुधी माणसं येऊन गायची, रडायची, जिंकायची, हरायची, आणि घरी बसलेले लोक मोबाइलवरून मेसेज करून त्यांना मतं द्यायचे. काय सांगू तुम्हाला! तो कार्यक्रम लागला की आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. सिनेमातली माणसं लांबची. ही माणसं कुणाच्या तरी घरची होती. दिग्रसचा रिक्षावाला, कुठल्याशा गावचा शिंपी. लोक त्यांच्यासाठी नवस बोलायचे. एका हिंदी वाहिनीवरच्या अशाच स्पर्धेची निवड औरंगाबादला होती. आप्पा दुकान बंद ठेवून रुद्राणीला घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी घराच्या दारातूनच ओरडले, "घेतली! पोरीला घेतली हो!"

परळी हादरली, मित्रांनो. बंकटचं आता मोबाइलचं आणि फ्लेक्सचं दुकान झालं होतं. त्याने चौकात आठ फुटांचा फलक लावला. त्यावर पुढारी बबनराव हात जोडून उभे, शेजारी रुद्राणी. बसम्मा फलक बघून आल्या आणि म्हणाल्या, "बंकटभाऊ, ही कोण पोरगी म्हणायची?" बंकटने संगणकावर तिला गोरीपान केली होती. तो म्हणाला, "वैनी, फलकावर जरा उजेड लागतो." सगळे हसले, आणि फलक तसाच राहिला.

स्पर्धेत रुद्राणीला खोलीत जोडीदारीण मिळाली, मिझोरामची रेमी. काय आवाज होता तिचा! पण ती मंचावर आली की कुणीतरी 'ढँऽऽग' करून चिनी सिनेमात वाजते तशी मोठी काशाची थाळी वाजवायचं, आणि सूत्रसंचालक कमरेत वाकून तिला नमस्कार करायचा, तिच्या डोळ्यांवरून काहीतरी बोलायचा. ती हसायची. आमची गल्लीही हसायची. बसम्मा तर तोंडाला पदर लावून हसायच्या. पोरं शाळेत जाताना एकमेकांना 'ढँऽऽग' करून वाकू लागली. मी तो आवाज जरा जास्तच खणखणीत काढायचो, कारण लोकांना आवडत होता.

मग निरोप आला की वाहिनीची माणसं रुद्राणीला घेऊन तिच्या घरी चित्रीकरणाला येणार. मित्रांनो, माझ्या मनात काय आलं असेल ओळखा! तेरा वर्षं मी जग दाखवत होतो. आता माझ्या घरात कॅमेरा येणार, म्हणजे मी स्वतः टीव्हीत दिसणार! बसम्मा पहाटेपासून राबत होत्या. आमच्याकडे राख रोज पुसावी लागते, पण त्या दिवशी त्यांनी गच्ची धुतली, पत्रे धुतले, तुळशीची पानंसुद्धा ओल्या फडक्याने पुसली. मला लिंबाच्या पाण्याने चकाचक केलं. अख्ख्या परळीत त्या दिवशी चिमूटभर राख नसलेलं घर एकच होतं, आणि ते आमचं. पुरणाचा वास गल्लीभर सुटला होता.

पाच माणसं आली. त्यांची प्रमुख एक मॅडम होती, मुंबईची, स्वभावाने वाईट नव्हती. पोटभर जेवली, बसम्मांच्या हाताची तारीफ केली. मग घरभर नजर फिरवली आणि तिचा चेहरा उतरला. फरशी, पंखा, कपाटात ओळीने स्टीलचे डबे, आणि कोपऱ्यात मी. ती कॅमेरावाल्याला हळूच म्हणाली, पण माझ्या अगदी कानाशी, "ही मुलगी गोरी असती ना, तर मी कॉलेज दाखवलं असतं, मैत्रिणी दाखवल्या असत्या. पण हा चेहरा बघ. लोकांना हिची गरिबीच खरी वाटणार."

ते बोलणं घरातल्यांपैकी मी सोडून कुणी ऐकलं नाही. जगभराचं बोलणं ऐकवणारा मी, पण ऐकलेलं एक वाक्य मला सांगता येईना.

मग ती आप्पांकडे वळली आणि गोड आवाजात एकेक मागू लागली. "आप्पा, जरा साधा सदरा घालाल? मागची ती पत्र्याची खोली आहे ना, तिथे बसू या. हा टीव्ही मात्र दिसायला नको."

इथे आप्पांचा स्वभाव तुम्हाला माहीत असायला हवा. पंचवीस वर्षं दुकान चालवलं, पण गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हणाले नाहीत. पातेलं नसेल तर शेजारच्या दुकानातून आणून द्यायचे. त्यात ही तर घरी जेवलेली पाहुणी. ते म्हणाले, "हाव, हाव, मॅडम. तुमी म्हणताल तसं."

"आप्पा, कावून?" रुद्राणी पुढे झाली. "मॅडम, आमच्याकडं टीव्ही हाय तर हाय. मी त्याच्यावरच तर गाणं शिकले."

"अगं, खोटं नाही काही," मॅडम म्हणाली. "फक्त थोडं कमी दाखवायचं. मतं हवीत ना तुला?"

आप्पा आणि बंकट, दोघांनी मला उचललं. माझी तार सुटली. मला न्हाणीत नेऊन ठेवलं आणि वरून ज्वारीचं रिकामं पोतं टाकलं. मित्रांनो, ओवाळून आत आणलेला मी, आणि माझ्याच चित्रीकरणाच्या दिवशी न्हाणीत! पोत्याच्या विणीतून मला मागचं अंगण दिसत होतं. तिथे रुद्राणीला जुना फ्रॉकवजा झगा घालून उभी केली होती. मॅडमला तिच्या गालाला राख लावायची होती, आणि राख आमच्या घरात मिळेना. बसम्मा ओशाळून म्हणाल्या, "आवं, आजच सगळी पुसली हो." जणू चूक त्यांचीच. शेवटी बंकटच्या गच्चीवरून वाटीभर राख आली. राख लावण्याआधी एका पोराने ओल्या कापसाने रुद्राणीचं तोंड पुसलं. कपाळावरचं भस्मही पुसलं. जन्मल्यापासून ज्या घरात भस्म लावल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही, त्या घराच्या अंगणात, आईवडिलांसमोर. आप्पांनी मान खाली घातली. पण ते 'नाही' म्हणाले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी आठला तो भाग लागला. गल्ली लोटली होती. बबनराव पुढच्या खुर्चीत, त्यांच्यामागे बायका-पोरं, खिडकीत डोकीच डोकी. मी पुन्हा माझ्या जागेवर होतो आणि मला सगळं ठाऊक होतं. बासरी वाजू लागली. राखेचा ढिगारा दिसला. निवेदकाचा आवाज म्हणाला, ही कोळसा वेचणाऱ्या मजुराची मुलगी आहे, हिच्या घरात कधी दिवा लागला नाही. मग रुद्राणीचा चेहरा आला, राखेने माखलेला, आहे त्याहून कितीतरी काळा केलेला.

बसम्मांनी विचारलं, "ही... ही कोण हो?"

आप्पा ताडकन उठले. "टीव्ही बिघडला," म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. मागची तार हलवून पाहिली. बंकट धावत आपल्या घरी जाऊन आला. "आप्पा, टीव्हीला मारू नका. आमच्याकडंबी तसंच दिसायलंय."

तेवढ्यात चित्र बदललं. दिव्यांच्या झगमगाटात रुद्राणी उभी, अंगभर चमचम, आणि चेहरा इतका गोरा रंगवलेला की फलकावरची रुद्राणी त्यापुढे सावळी वाटावी. तिने गायलं, जीव ओतून गायलं. परीक्षक डोळे पुसत म्हणाला, कोळशातून हिरा निघाला. आणि सांगायला वाईट वाटतं मित्रांनो, आमच्या घरात टाळ्या पडल्या. बबनराव तर उभे राहिले. मेसेजवर मेसेज गेले. बंकट रात्रभर हिशोब ठेवल्यासारखा सांगत सुटला, "पोरगी एक नंबरला चालली! आप्पा, आता गप ऱ्हावा. हीच गोष्ट लोकायला आवडायली."

आप्पा गप्प राहिले. दुकानात गिऱ्हाईक डोळे मिचकावून विचारायचं, "काय शेठ, कोळसा कवापासून येचायलाव?" ते हसून डबा बांधून द्यायचे. पण घरी आले की माझ्यासमोर बसायचे आणि मला लावायचे नाहीत.

फोन माझ्याच टेबलावर असायचा. बुधवारी सकाळी तो वाजला. आप्पांनी तो स्पीकरवर लावला, म्हणून मी सगळं ऐकलं.

"आप्पा, तुमी पाह्यलं?"

"पाह्यलं, बाई."

"शनवारी थेट कार्यक्रम हाय. त्याईला वाटतं, मी पुन्हा तसंच बोलावं. झोपडीचं सांगावं, रडावं. तसं केलं तर जिंकीन म्हणतेत. आप्पा, रेमी खोलीत रडत बसती. तिनं त्याईला तीनदा सांगितलं, थाळी वाजवू नका. कुणी ऐकंना. आई हाय का तिथं? आई, तुमीबी हसता का, ती थाळी वाजली की?"

बसम्मांनी आप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हसले गं," त्या म्हणाल्या. "चुकलं माय माझं."

आप्पा फोनजवळ सरकून म्हणाले, "रुद्रे, मी कुणाला न्हाई म्हणत न्हाई, तुला ठावं हाय. त्या दिवशी म्हणायला पायजे होतं. माझ्याच्यानं झालं न्हाई. तुझ्याच्यानं होत असंल तर म्हण तू. हारलीस तरी घर तुझंच हाय."

शनिवार आला. रुद्राणी काय करणार कुणालाच माहीत नव्हतं. 'गप राहा' म्हणणारा बंकटच आता सगळ्यांत जास्त घाबरला होता. वीज गेली तर म्हणून बंकटने दुकानाचा इन्व्हर्टर माझ्या शेजारी आणून ठेवला, केबलवाल्याला जनरेटर भरून ठेवायला लावला. गेल्या वेळेपेक्षा दुप्पट गर्दी. कार्यक्रम सुरू झाला. जोडीने गायचा दिवस होता, आणि चिठ्ठीत रुद्राणी आणि रेमी यांची जोडी निघाली होती.

पुन्हा तीच बासरी, तोच राखेचा ढिगारा. मग 'ढँऽऽग'! पण या वेळी आमच्या घरात कुणी हसलं नाही. एका पोराने तोंड उघडलं तर बसम्मांनी त्याच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

आणि पडदा सरकला.

मित्रांनो, मी तेरा वर्षांत इतके चेहरे दाखवले, पण असा एकही नाही. रुद्राणीने मंचावर येण्याआधी तोंड धुतलं होतं. अंगावर बसम्मांची इरकली साडी, आणि कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. शेजारी रेमी, तिचा हात हातात घट्ट. बसम्मा नुसत्या "आगं बाई, आगं बाई" म्हणत होत्या. पण आप्पांच्या कपाळाला आठी होती. माझी उजेडाची खुंटी शेवटपर्यंत पिळलेली, त्यामुळे धुतलेला चेहराही माझ्या काचेवर पांढुरका दिसत होता. आप्पा गुडघ्यावर आले, झाकण उघडलं आणि खुंटी हळूहळू उलटी फिरवू लागले. जरा कमी. अजून जरा. पोरीचा रंग माझ्या काचेवर उतरत आला. "हां," ते म्हणाले. "आता माझी पोरगी दिसायली." मला तेरा वर्षांनी डोळ्यांवरची साय काढल्यासारखं वाटलं.

दोघी गाऊ लागल्या. अंतरा सुरू झाला आणि मी विझलो. वीज गेली!

गल्लीने एकच आरडाओरडा केला. बंकट अंधारात तारा शोधू लागला, "बॅटरी धरा बे कुणीतरी!" आणि तेवढ्यात बसम्मांनी, ज्यांना मी कधी मोठ्याने गाताना ऐकलं नव्हतं, गाणं नेमकं तुटलं होतं त्याच शब्दापासून उचललं. मग आप्पांनी. मग खिडकीतल्या बायकांनी. मी अंधारात बसून ऐकत होतो. इन्व्हर्टर लागला, मी पुन्हा उजळलो, तर गल्ली रुद्राणीच्या दोन ओळी पुढे निघून गेली होती. तेव्हा मात्र सगळे खळखळून हसले.

गाणं संपलं. टाळ्यांचा पाऊस पडला. सूत्रसंचालकाने चेहरा दुःखी केला आणि विचारलं, "रुद्राणी, आज तुझ्या त्या अंधाऱ्या झोपडीतली माणसं तुला कुठे, कशी बघत असतील?"

ती म्हणाली, "घरीच बघत असतील. आमच्याकडे रंगीत टीव्ही आहे."

सूत्रसंचालक हसायला लागला, पण ती थांबली नाही. साध्या हिंदीत, एकेक शब्द मोजून बोलली. "माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे. मी कोळसा कधी वेचला नाही. जे वेचतात त्यांच्यातही गाणारे आहेत, त्यांना बोलवा आणि त्यांच्या नावाने गाऊ द्या. त्या दिवशी आमचा टीव्ही तुमच्या माणसांच्या सांगण्यावरून न्हाणीत नेऊन पोत्याखाली झाकला. माझ्या कपाळावरचं भस्म पुसलं आणि गालाला राख लावली, कारण माझा रंग बघून तुम्हाला तेच सुचलं. मी त्याच टीव्हीसमोर बसून गाणं शिकले. आत्ता माझे आईवडील त्याच्यासमोर बसले आहेत."

मित्रांनो! माझं काय झालं असेल? टीव्हीवर माझी गोष्ट निघाली होती, आणि ती दाखवणारा मीच होतो! बसम्मांनी उठून माझ्या काचेवर दोन्ही हात ठेवले. अख्खी गल्ली आता चित्र सोडून, मान उंच करून माझ्याकडे बघत होती. न्हाणीतला तो सगळा दिवस मी त्या क्षणी माफ करून टाकला.

सूत्रसंचालकाने घाईने रेमीकडे वळून इशारा केला आणि पुन्हा ती थाळी वाजली. रुद्राणी म्हणाली, "ते वाजवू नका. तिने तीनदा सांगितलंय. आज चौथ्यांदा मी सांगते." मग रेमीने माइक हातात घेतला आणि म्हणाली, "माझं नाव रेमी आहे. एवढ्यानेच बोलवलं तरी मी येते." त्यानंतर त्यांनी घाईने जाहिरात लावली. त्या मलमाचीच लागली. बंकटने उठून माझा आवाज बंद केला.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. रुद्राणी बाहेर पडली. मतं निम्म्यावर आली होती. झोपडीतल्या मुलीसाठी रडलेल्यांना दुकानदाराच्या मुलीसाठी मेसेज करावासा वाटला नसेल. बसम्मा रडल्या, आणि मलाही फार वाईट वाटलं. ती जिंकायला हवी होती, तिचा आवाज तसा होता. रेमी आणखी दोन आठवडे टिकली. त्या दोन आठवड्यांत थाळी एकदाही वाजली नाही.

रुद्राणी परत यायची त्या सकाळी बंकट चौकात शिडी लावून आपलाच फलक उतरवत होता. बबनरावांच्या माणसाने विचारलं तर म्हणाला, "त्या टीव्हीवाल्याईनं जे केलं, तेच मीबी केलतं की. त्याईनं काळी केली, मी गोरी." नवा फलक छापण्याआधी तो आमच्या घरी नमुना घेऊन आला, बसम्मांसमोर धरला आणि विचारलं, "वैनी, पोरीचा रंग बराबर हाय का बघा." बसम्मांनी तीनदा बदलायला लावला.

आणि ती आली. स्टेशनवर बँड, हार, गुलाल, सगळं होतं. पण घरात शिरल्यावर आईच्या गळ्यात पडण्याआधी तिने विचारलं, "टीव्ही कुठं हाय?" मी माझ्या जागेवरच होतो. ती लहानपणी बसायची तशी अगदी जवळ येऊन बसली. माझी काच बंद होती, त्यात तिचा चेहरा दिसत होता. बराच वेळ ती बघत राहिली. या वेळी तोंडाला बेसन नव्हतं.

आता मी म्हातारा झालो. घरात पातळ टीव्ही आला. मला मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवताना आप्पा राखेपासून वाचवायला पोतं आणत होते, तर बसम्मा म्हणाल्या, "न्हाई. पोतं न्हाई." त्यांनी माझ्यावर तीच इरकली साडी घातली. याच खोलीत रुद्राणी संध्याकाळी मुलींना गाणं शिकवते. काळ्या, सावळ्या, गव्हाळ, सगळ्या येतात. कोळसा वेचणाऱ्यांच्या घरच्याही दोघी आहेत आणि त्यांतली एक फार सुरेख गाते. वीज गेली तरी शिकवणी थांबत नाही. नवी मुलगी आली की हमखास विचारते, "ताई, त्या साडीखाली काय हाय?" मग रुद्राणी साडी उचलते आणि मला सगळ्यांना दाखवते.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या तुमच्याही दारात कॅमेरा येईल, कारण आता तो सगळीकडे जातो. आलेल्या पाहुण्याला जेवू घाला, पुरणपोळीही वाढा. पण तो म्हणाला, हे जरा झाका, हे पुसा, चेहरा जरा असा करा, तर आमच्या आप्पांसारखी मान खाली घालू नका. आणि दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावरून थाळी वाजत असेल, तर तुमच्या घरातला टीव्ही हसतोय म्हणून तुम्ही हसू नका. मी तसा हसवत होतो, म्हणून सांगतो. माझ्या झाकणाआडची ती खुंटी आप्पांनी ठेवली होती तिथेच अजून आहे. तिला कुणी हात लावू नका.